एकच बँड पुरत नाही

पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत मी क्षयाच्या जंतूचं एक प्रोटीन बनवते, ईसॅट-६. हा जंतू हाताळायला खास बंदिस्त प्रयोगशाळा लागते आणि तो वाढतोही फार सावकाश. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणून क्षयाच्या जंतूचं तेवढं एक जनुक ई. कोलायमध्ये घालायचं, आयपीटीजी देऊन त्याला कामाला लावायचं, मग पेशी फोडून निकेलच्या कॉलमवर प्रोटीन पकडायचं.

एवढा खटाटोप याच प्रोटीनसाठी का? काल्मेट आणि ग्वेराँ यांनी १९०८ ते १९२१ या काळात जंतू पुन्हा पुन्हा वाढवून बीसीजी लस घडवली, तेव्हा ईसॅट-६चं जनुक त्यातून गळून गेलं. आपल्याकडे बाळांना जन्मतःच बीसीजी टोचतात, त्यामुळे क्षयासाठीच्या मांटू त्वचाचाचणीत लशीमुळेही हातावर गाठ उठू शकते. ईसॅट-६ वापरलं की ही फसगत टळते. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची सीवाय-टीबी ही त्वचाचाचणी ईसॅट-६ आणि त्याचं जोडीदार सीएफपी-१० यांच्यावरच आधारलेली आहे.

एका खेपेला जेल सुरेख आली होती. कूमासीच्या निळ्या रंगात एकच बँड, म्हणजे दुसरं प्रोटीन दिसत नव्हतं. ते प्रोटीन मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवर घातलं आणि दुसऱ्या दिवशी एलायझाची प्लेट पिवळीजर्द झाली, म्हणजे पेशींनी टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रोटीन भरपूर सोडलं होतं. पण शेजारच्या रांगेत तेच प्रोटीन प्रोटीनेज-के घालून पार पचवलेलं होतं आणि त्या वेल्सही तितक्याच पिवळ्या! मॅडम प्लेट उजेडात धरून म्हणाल्या, “अगं, हे तुझ्या प्रोटीनचं काम नाही. एलपीएस आहे.”

एलपीएस म्हणजे ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणातला घटक. कूमासीने तो रंगत नाही, उकळून जात नाही, आणि मॅक्रोफेजना खवळायला त्याचा कणभर अंश पुरतो. मानवी एचएसपी-७० या प्रोटीनच्या नावावर जमा झालेले काही परिणाम खरं तर अशाच भेसळीचे होते, हे २००३च्या सुमारास उघड झालं. तोवर त्यावर किती निष्कर्ष रचले गेले असतील, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

एलपीएस काढायला आम्ही ट्रायटन एक्स-११४ हे डिटर्जंट वापरलं. बर्फावर मिश्रण अगदी नितळ असतं. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवलं की बघता बघता दुधाळ होतं. कोमट असतानाच सेंट्रिफ्यूज करायचं, म्हणजे तळाशी डिटर्जंटचा तेलकट थर बसतो आणि एलपीएस त्यात ओढलं जातं. वरचं पाणी अलगद काढायचं, टीप त्या थराला लागू द्यायची नाही. मग पुन्हा बर्फ, पुन्हा ट्रायटन. दर फेरीत थोडं प्रोटीनही जातं आणि मेहनतीचं ते प्रोटीन जाताना जीव तुटतो. शेवटी हॉर्सशू क्रॅबच्या निळ्या रक्तापासून बनवलेल्या द्रावणाने एंडोटॉक्सिन, म्हणजे हेच एलपीएस, मोजायचं.

धुतलेलं ईसॅट-६ पुन्हा पेशींवर घातलं, तेव्हा टीएनएफ नुसत्या बफरइतकंच आलं. बातमी व्हावी असा निकाल हातचा गेला, पण त्या संध्याकाळी मी मनापासून खूश होते. आता शेजारच्या लॅबमधून कुणी प्रोटीन मागायला आलं आणि “बँड एकच आहे ना?” असं विचारलं, की मी जेलच्या फोटोबरोबर एंडोटॉक्सिनचा आकडाही हातात ठेवते. विकत आणलेल्या प्रोटीनच्या कागदावरही मी आधी तोच आकडा शोधते. नसला तर ती व्हायल पेशींच्या प्रयोगाला घेत नाही.