कागद पेरू काय?

माझा आजा 1964 च्या भूमिहीन सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर तुरुंगात गेला. तेव्हापासून आमच्या घरात जमीन हा शब्द घोषणेसारखा बोलला जातो. माती हा शब्द मला दाभोशात कळला.

जव्हार तालुक्यातलं हे गाव. शहरातले लोक धबधबा बघतात, फोटो काढतात, जातात. डोंगरउतारावर आदिवासींची वरकस जमीन. 2006 च्या वनहक्क कायद्याचे दावे भरायला मी तिथं गेलेलो. एका वारली आजीचा पट्टा मंजूर झाला. मी जयभीम करून पेढा दिला. तिनं पेढा खाल्ला आन मला उतारावर नेलं. चार बोटं माती, खाली नुसता खडक.

"पोरा, आता कागद पेरू काय?"

मी गप.

शिकलेले लोक राबाला नावं ठेवतात, झाडं ओरबाडली म्हणतात. खरं आहे, पण अर्धंच. पूर्वी नाचणी, वरई, खुरासणी घेऊन झाली की रान सोडून द्यायचे. झाडोरा यायचा, माती धरायची. आता पट्टा आखलेला. दरसाल तोच तुकडा, वर जव्हारचा पाऊस. माती लेंडी नदीत. बाबासाहेबांनी 1918 सालीच लिहिलंय, नुसत्या एकरांवर शेत परवडत नाही, त्यात भांडवल आन श्रम किती पडतात ते बघा. मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं.

मग तीन काठ्यांचा घोडा केला, मधे दोरीला दगड बांधला आन समपातळीच्या रेघा मारल्या. शेतातलेच दगड रचून बांध घातले. पावसाच्या तोंडावर कडेनं गिरिपुष्पाच्या फांद्या खोचल्या, पाला कापून मातीत घालायला. पण बांधाचे दिवस तेच वीटभट्टीचे दिवस. उचल घेऊन आजीचा मुलगा बायकापोरांसकट दिवाळीनंतर गेलेला. दगड उचलायला आजी, शेजारच्या दोन पोरी आन मी. मी घाईत पाया न खणता रचलेले दोन बांध पहिल्याच पावसात फुटले. आजी हसली. पुढच्या उन्हाळ्यात तिनं मला आधी चर खणायला लावला.

तिसऱ्या वर्षी बांधाच्या पाठीशी वीतभर गाळ धरला. तेवढ्याच पट्टीत नाचणी उभी राहिली, बाकी उतार तसाच उघडा.

त्या दिवाळीला मुकादम परत आला. मुलानं उचल घेतली, पण निम्मी. बायको आन मुलगी घरीच राहिली.