लोणीची वाट

गेल्या श्रावणांत आम्हांस लोणीस जाण्याचा योग आला. निमित्त देवदर्शनाचें नव्हतें. आमच्या नातीनें वैद्यकीय शिक्षणासाठीं परदेशीं जावें कीं न जावें, हा वाद घरांत महिनाभर चालला होता. ‘नीट’ परीक्षेंत तिला गुण बरे होते, पण सरकारी जागा मिळण्याइतके नव्हते. आणि खासगी महाविद्यालयाचें शुल्क आमच्या एकत्र कुटुंबासहि पेलणारें नव्हतें. तशांत एका दलालानें जॉर्जियांतील महाविद्यालयाचें रंगीत माहितीपत्रक आणून दिलें. थोरले चिरंजीव वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा विकावयास सिद्ध झाले. आम्ही म्हणालों, “जमीन विकण्यापूर्वीं वैद्य कसा घडतो, तें एकदां डोळ्यांनीं पाहूं.”

अहिल्यानगराहून मनमाडच्या रस्त्यानें निघालें, म्हणजे विळद घाटानंतर उघडे माळ मागें पडतात आणि राहुरीकडे उसाचे मळे दिसूं लागतात. कोल्हारास प्रवरामाईचें दर्शन घडतें. साठेक किलोमीटरांवर लोणी. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें येथें सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० सालीं त्याचें गाळप सुरू झालें. त्याच परिसरांत १९८४ सालीं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालें.

रुग्णालयांत आम्ही एका बाकावर बसलों. शेजारीं अकोले तालुक्यांतील एक वृद्ध पोट धरून बसले होते. एका विद्यार्थिनीनें त्यांस विचारलें, “बाबा, कळ येते, मुरडा पडतो, कीं जळजळतं?” म्हातारबाबा क्षणभर थांबून म्हणाले, “जळजळतं, पोरी. रातच्याला, पोट रिकामं असलं म्हंजी ज्यादा.” तिनें तें जसेंच्या तसें टिपून घेतलें. आमची नात हळूच म्हणाली, “आजोबा, तिकडे रोगी कोणत्या भाषेंत बोलतील?” व्याख्यानें इंग्रजींत होतात, एवढें माहितीपत्रकांत होतें; रोगी आपलें दुखणें जॉर्जियन भाषेंत सांगेल, हें कोणीं लिहिलें नव्हतें.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत, वैद्य होऊं इच्छिणाऱ्यानें आधीं शास्त्राची व मग आचार्याची परीक्षा करावी, असें सांगितलें आहे. आचार्य कसा? तर ज्यानें प्रत्यक्ष कर्म पाहिलें आहे, ज्याचा हात कुशल आहे आणि ज्याच्यापाशीं साधनें आहेत असा. इमारतीच्या शोभेचा त्यांत उल्लेख नाहीं.

परदेशगमन आम्ही वर्ज्य मानीत नाहीं. आनंदीबाई जोशी यांनीं १८८३ सालीं श्रीरामपूर येथें (आमच्या जिल्ह्यांतील नव्हे, बंगालमधील) भर सभेंत आपण अमेरिकेस कां जातों, हें सांगितलें. हिंदुस्थानांतील स्त्रियांस स्त्रीवैद्य हवी, हा त्यांचा हेतु होता. १८८६ सालीं फिलाडेल्फियास त्या पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षीं पुण्यास त्यांचा अंत झाला. अलीकडे २०२२ सालीं युक्रेनमध्यें युद्ध पेटलें, तेव्हां हजारों भारतीय विद्यार्थी अर्धा अभ्यास टाकून परतले. हेतु शुद्ध असला तरी वाट पारखूनच घ्यावी लागते.

परततांना कोल्हारास चहा घेतांना नातीनें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांवरून वहींत चार प्रश्न लिहिले. अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा आहे काय? तो सर्वस्वीं इंग्रजींत आहे काय? त्याच संस्थेंत १२ महिन्यांची उमेदवारी मिळते काय? त्या पदवीवर त्या देशांत, तेथील नागरिकांप्रमाणें, वैद्यकी करतां येते काय? स्वदेशीं परतल्यावर पुन्हां परीक्षा व १२ महिन्यांची उमेदवारी आहेच. पांचवा प्रश्न तिनें आपल्या मनानें घातला: रोग्याची भाषा केव्हां व किती शिकवितां?

खरें सांगावयाचें तर नात दूर जाऊं नये, हा आमचा मोहहि त्या प्रवासांत होता. लोणीनें आमचा पक्ष घेतला नाहीं. प्रश्न नीट विचारावा कसा, एवढें मात्र आम्हां दोघांस शिकविलें.

दलालानें चार प्रश्नांचीं उत्तरें तत्काळ धाडलीं. पांचव्याचें अद्याप आलेलें नाहीं. जमीन विकलेली नाहीं, आणि नात पुन्हां ‘नीट’च्या अभ्यासास बसली आहे. ज्यांच्या घरीं असाच वाद चालू असेल, त्यांनीं माहितीपत्रक मिटून एक दिवस जवळच्या रुग्णालयाच्या बाकावर बसून पाहावें, एवढीच विनंति.