राजापेठेतली एक बशी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका रविवारी आमच्या चिरंजिवांनी माझ्यापुढे एक यादी ठेवली. देशातल्या नामांकित शेफमंडळींनी (आमच्या लहानपणी त्यांना आचारी म्हणत आणि लग्नात मांडवामागे बसवीत!) आपापल्या आवडीची उपाहारगृहे आणि तिथला एकेक पदार्थ त्यात सांगितला होता. मुंबई झाली, पुणे झाले, कोल्हापूरचा रस्साही हजर होता.

"बाबा, तुम्ही उठल्याबसल्या अमरावतीचं कौतुक सांगता. हिच्यात तुमच्या गावचं नावसुद्धा नाही!"

मी गप्प बसलो. त्या गावात मी स्वतःच अकरा वर्षे पाऊल टाकले नव्हते, हे त्याला ठाऊक नव्हते थोडेच!

वास्तविक मोठ्या बल्लवांनी वऱ्हाडाला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. नागपूरच्या विष्णू मनोहरांनी वऱ्हाडी आणि नागपुरी ताट दूरचित्रवाणीवरून घरोघर पोचवले. २०१७ साली नागपुरात सलग पन्नास तासांहून अधिक काळ स्वयंपाक करून त्यांनी विक्रमही केला. त्याच्या कितीतरी आधी, १९७० साली, कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने कित्येक नव्या नवरींचा संसार सावरला. तेव्हा प्रसिद्ध व्हायला पडदा लागत नसे. पण काही पदार्थ पुस्तकात मावत नाहीत आणि यादीतही येत नाहीत. राजापेठेतला गिला वडा त्यांतला.

आठवड्याने मी रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसमध्ये बसलो. बायकोला सांगितले, "यादी पुरी करायला चाललो आहे." तिने काही न बोलता माझ्या पिशवीत एक जुने पाकीट ठेवले.

पहाटे शेगाव आले. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने या स्टेशनावर कचोरी तळायला घेतली आणि गजानन महाराजांच्या गावाला आणखी एक ओळख मिळाली. पुढे अकोला, मूर्तिजापूर. खिडकीबाहेर कपाशीची काळी जमीन. बडनेऱ्याला उतरलो आणि रिक्षा केली. इथून राजापेठ सात-आठ किलोमीटर. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन याच अमरावतीत भरले होते, असे आमचे वडील प्रत्येक पाहुण्याला सांगत. पाहुणे अंबादेवीचे दर्शन घेत, वडिलांचे ऐकून घेत, आणि मग हळूच विचारीत, "इथं खायला काय मिळतं?"

राजापेठ ओळखू येईना. डोक्यावरून उड्डाणपूल गेला आहे, दोन्ही बाजूंना काचेची दुकाने. पण एका वळणावर तळणाचा वास आला आणि मी रिक्षा थांबवली.

गिला म्हणजे ओला. भिजवलेली डाळ जाडसर वाटायची, वडे तळायचे आणि गरम असतानाच पाण्यात सोडायचे. मग हलक्या हाताने दाबून बशीत घ्यायचे. वर घोटलेले दही, चिंचेची आंबटगोड चटणी, तिखट, जिऱ्याची पूड आणि चिरलेला सांबार. पुण्यामुंबईच्या भगिनींनो, दचकू नका. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात!

शाळेचा निकाल लागला की दादा मला इथे आणी. पैसे एकाच बशीचे असत. वडे माझे, बशीत उरलेले दही आणि चटणी दादाची. "मले हेच आवडते," असे तो म्हणे आणि मी ते खरे मानी. पुढे मी मुंबईला शिकायला गेलो, तेव्हाही पैसे तोच पाठवीत होता. त्या वेळीही आपल्याला अमुक नकोच असते, असेच तो म्हणत असे.

दादा गेला त्याच्या तेराव्याला मी घराचा हिशेब काढला. घर आईच्या नावावरचे. वहिनींना वर दोन खोल्या बांधून भाडेकरू ठेवायचे होते. त्यांना दुसरे उत्पन्न नव्हते. त्या कागदावर माझी सही हवी होती. 'आधी वाटण्या होऊ द्या,' असे मी म्हणालो. आणि पाकीट घेऊन मुंबईला निघून आलो. ते पाकीट आता माझ्या पिशवीत होते.

दोन बशा बांधून घेतल्या आणि चालत घरी गेलो. वहिनी अंगणात तुळशीपाशी होत्या. खूप वाकल्या होत्या. क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, "काऊन भाऊजी, रस्ता भुलले का?"

मला उत्तर सुचेना. मी पुडके पुढे केले. त्यांनी उघडून पाहिले आणि हसल्या. "बांधून कायले आनले? याचा चिखल होते ना जी! हा तिथंच उभ्यानं खाचा असते." मग आत वळून म्हणाल्या, "बसा. घरी डाळ भिजलेली आहे."

तासाभराने ताट पुढे आले. वडे होतेच, शिवाय पाटोडीचा रस्सा आणि गरम भाकर. पाटोड्या बेसनाच्या, रस्सा खसखस-खोबऱ्याचा, डोळ्यांतून पाणी काढणारा. त्या पाण्याचा मला त्या दिवशी मोठा आधार झाला. वहिनींनी स्वतःसाठी बशी घेतली नव्हती. "मले दहीच आवडते," त्या म्हणाल्या.

मी माझ्या बशीतले दोन वडे त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणालो, "वहिनी, दादालाही वडे आवडत होते ना?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लय आवडत. पगाराच्या दिवशी आणत. पण तुम्ही सुट्टीवर आले का, खात नव्हते."

हात धुऊन मी पाकीट काढले आणि सही केली. अकरा वर्षांचे भाडे बुडाले त्याचे काय, हे मला विचारवले नाही. त्यांनीही काढले नाही. त्यांनी कागद देवापुढे ठेवला आणि विचारले, "रात्रीची गाडी हाये का उद्याची?"

"उद्याची," मी म्हणालो.

मुंबईला परतल्यावर चिरंजिवांच्या यादीखाली मी स्वहस्ते एक ओळ लिहिली: अमरावती, राजापेठ, गिला वडा. तिथेच उभे राहून खावा. दुकानाचे नाव लिहिले नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो येणार आहे माझ्याबरोबर. वहिनींनी वरच्या खोलीला रंग द्यायला काढला आहे.