कानावर बसलेला चेंडू

कॉलेजच्या क्रिकेट संघातून मी माझे नाव काढून घेतले, तेव्हा ‘अभ्यासामुळे’ असे कारण सांगितले. ते खोटे होते. वर्गावर्गांच्या सामन्यात चेंडू डाव्या भुवईवर बसला. हेल्मेट घालायचा आळस माझाच. तीन टाके पडले. जखम भरली, पण गोलंदाजाचा हात वर गेला की माझे डोळे आपोआप मिटू लागले.

सुट्टीत आजोळी बडोद्याला गेलो. स्वतः खेळणे टाळावे म्हणून दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातील पोरांना शिकवू लागलो. त्यांतला आठ वर्षांचा एक मुलगा चेंडू येताच डोळे मिटायचा. त्याला मी सर्वांदेखत ‘भित्रा’ म्हटले. मामा ओसरीवर बसून ऐकत होते.

संध्याकाळी ते मला मोतीबागेच्या मैदानावर घेऊन गेले. दत्ताजीराव गायकवाड व अंशुमान गायकवाड या पितापुत्रांचे नाव बडोद्यात अजून आदराने घेतात. अंशुमान ४० कसोट्या खेळले. १९८३ साली जालंधरला पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटे खेळून त्यांनी २०१ धावा केल्या, हे मला ठाऊक होते. मामा बोलले ते मात्र दुसऱ्याच डावाविषयी.

१९७६ साल. किंग्स्टनचे मैदान, वेस्ट इंडीजचा तुफानी मारा आणि डोक्यावर हेल्मेट नाही. अंशुमान ८१ धावांवर असताना होल्डिंगचा चेंडू कानावर बसला. मैदानातून त्यांना इस्पितळातच न्यावे लागले. त्याच डावात कर्नाटकचे विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेलही जायबंदी झाले. दुसऱ्या डावात भारताच्या पाच जणांच्या नावापुढे ‘जखमी, अनुपस्थित’ अशी नोंद आहे.

“आणि तुझे ते जालंधर त्यानंतर सात वर्षांनी!” मामा म्हणाले.

पुढे १९९७ मध्ये अंशुमान भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले; २००० साली ती जबाबदारी पुन्हा त्यांच्याकडे आली. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्लीला अनिल कुंबळेने पाकिस्तानचे एका डावात दहा बळी घेतले, तेव्हा प्रशिक्षक तेच होते. आमच्या कानडी मित्रांना तो पराक्रम तोंडपाठ आहे. प्रशिक्षकाचे नाव विचारले तर ते गप्प बसतात, आणि मीही बसलो असतो. प्रशिक्षकाची धाव फलकावर लागत नाही. ३१ जुलै २०२४ रोजी अंशुमान गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत दत्ताजीराव गेले होते.

परतताना मामा एवढेच म्हणाले, “दहा बळी घेणाऱ्याला काय शिकवतात, मला कळत नाही. पण घाबरलेल्या पोराशी बोलायचे, तर ज्याच्या कानावर चेंडू बसलाय असाच माणूस हवा रे.”

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मी भुवईवरचा व्रण दाखवला. त्याने बोट लावून पाहिले.

“दादा, खूप दुखलं?”

“खूप. अजून भीती वाटते.”

मग रबरी चेंडू घेतला आणि पाच पावलांवरून, हाताखालून टाकू लागलो. चौथ्या दिवशी त्याचे डोळे उघडे राहिले. त्याने चेंडू तुळशीवृंदावनापर्यंत मारला आणि बॅट माझ्यापुढे धरली.

“आता तुम्ही.”

मी उभा राहिलो. पहिल्याच चेंडूला डोळे मिटले. पोरे हसली. तो हसला नाही. चेंडू उचलून दोन पावले पुढे आला आणि म्हणाला, “हळू टाकतो हं, दादा.”