लेकरू एक, कोर्टे दोन

मूल ज्याच्या घरात, त्याचीच बाजू भारी, असे आपल्या वस्त्यांतून सर्रास बोलले जाते. आमची भाची दोन वर्षांपूर्वी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन इंग्लंडहून नागपूरला सुटीवर आली आणि परत गेलीच नाही, तेव्हा घरच्यांनी हाच हिशोब मांडला. पोर आपल्याकडे आहे, मग जावयाशी बोलायचे कशाला? आम्हाला तो हिशोब पटला नाही.

एका पालकाने मुलाला परस्पर दुसऱ्या देशात नेले तर त्याला लवकर मूळ देशी परत पाठवावे, असा 1980 चा हेगचा आंतरराष्ट्रीय करार आहे. इंग्लंड त्यात आहे, भारत नाही. म्हणून आपल्याकडे न्यायाधीश मुलाचे हित कशात आहे हे प्रत्येक प्रकरणी नव्याने पाहतात. 1986 साली अमेरिकेतल्या मिशिगनहून बापाने पुण्याला आणलेला मुलगा सर्वोच्च न्यायालयाने आईच्या स्वाधीन करून परत पाठवला. 2017 साली मात्र आईने इंग्लंडहून आणलेली मुलगी, तिकडच्या कोर्टाचा हुकूम असतानाही, त्याच न्यायालयाने आईजवळ राहू दिली. मग आमच्या भाचीचे काय झाले असते? वकीलही छातीठोकपणे सांगेनात. आणि तिकडे जावयाने अर्ज टाकलाच होता.

शेवटी दोघे मध्यस्थीला तयार झाले. मध्यस्थी म्हणजे चार वडीलधाऱ्यांनी बसून "बाई, नांदायला जा" म्हणणे नव्हे. मध्यस्थ निकाल देत नाही, दोघांना बोलते करतो, आणि तिथले बोलणे बाहेर जात नाही. जर्मनी आणि पोलंडमधल्या अशा भांडणांसाठी 2007 मध्ये एक चांगली रीत ठरली: मध्यस्थ दोन, एक बाई, एक पुरुष, दोन्ही देशांचे, एक कायद्याचा जाणकार तर दुसरा मनाचा. आमच्याकडेही एक नागपूरच्या वकीलबाई आणि एक इंग्रज गृहस्थ, व्हिडिओवर, असे दोघे होते. नवरा मारझोड करणारा असता तर आम्हीच भाचीला त्याच्यासमोर बसू दिले नसते. तिथे आधी संरक्षण, बोलणे नंतर. इथे प्रश्न तो नव्हता. तिकडच्या एकटेपणाला ती कंटाळली होती.

पहिल्या दिवशी दोघांनी फक्त जुने उकरले. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी विचारले, मुलीची शाळेची सुटी कधी असते? तेव्हा गाडी रुळावर आली. आपली सुटी मे महिन्यात, तिकडची मोठी सुटी जुलैच्या शेवटी. बापाला रजा मिळते ऑगस्टमध्ये, तेव्हा इथे शाळा भरलेली. मग ठरले की मुलगी आईजवळ नागपूरला राहील, मे महिना बापाकडे जाईल, दिवाळीत बाप इथे येईल. तिकीट त्याचे. पासपोर्ट कोणाकडे, यावर तीन तास गेले. तो वकीलबाईंकडे ठेवायचे ठरले. रविवारचा फोन रात्री आठला, म्हणजे तिकडे हिवाळ्यात अडीच, उन्हाळ्यात साडेतीन. एवढेही लिहून घेतले. लोक हसतील, पण भांडण अशाच गोष्टींवर पेटते.

भाची म्हणाली, "मामा, मे महिन्यात पाठवलेली पोर त्याने ठेवून घेतली तर?" प्रश्न रास्त होता. नुसत्या सहीच्या कागदाला किंमत नाही. म्हणून तोच मजकूर इंग्लंडच्या आणि इथल्या, दोन्ही कोर्टांतून हुकूम म्हणून करून घेतला आणि तो हातात पडल्यावरच तिकीट काढले. या खेपा सुरू असताना कोर्टाच्या तारखा थांबवल्या नव्हत्या, हेही ध्यानात घ्यावे. कारण बोलणी लांबवून मूल इथेच रुळू द्यायचे, अशी चाल काही जण खेळतात.

असे प्रकरण घरात आले तर खर्चाला घाबरून बसू नये. 1987 च्या कायद्याने बाईला, मुलाला आणि अनुसूचित जातीच्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. आमच्या भाचीने तोच केला होता.