वळवात सायकल

पुण्यात एप्रिल-मेमधला वळीव सहसा दुपार कलल्यावर गाठतो. सकाळपासून तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, तिला समुद्राकडचं बाष्प मिळतं आणि चार-साडेचारला आभाळ काळंभोर होतं. माझी कामावरून सायकलने घरी परतायची वेळ नेमकी हीच. दिवसभर अंगाची लाही झाल्यावर येणारा तो पाऊस मला इतका आवडायचा, की त्यात सायकल चालवायला काही वेगळं शिकावं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रेनकोट घेतला, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, की झाली माझी तयारी. सगळी काळजी भिजण्याची. ब्रेक लागेल की नाही याची मुळीच नाही.

माझ्या जुन्या सायकलला क्रोम चढवलेल्या लोखंडी रिम होत्या. कोरड्यात त्या उत्तम थांबायच्या. एरंडवण्यातल्या एका गल्लीत पावसाची पहिलीच सर आली, तेव्हा मी नेहमीच्याच वेगात होतो. समोरून एक आजी रस्ता ओलांडू लागल्या. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि काहीच झालं नाही. रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत ब्रेकचे रबर नुसते घसरत राहिले, आणि पकड आली ती एकदम, चाक नेमकं पांढऱ्या पट्ट्यावर असताना. त्यावर गुलमोहराच्या पाकळ्यांचा चिखल झाला होता. सायकल आडवी झाली, कोपर सोललं, मनगट मुरगळलं. आजींपासून मी हातभर अंतरावर पडलो होतो. त्याच मला उठवायला वाकल्या, याची लाज मला आजही वाटते.

सायकल दुरुस्तीच्या दुकानातल्या काकांनी मागचं चाक उचललं, रिमवर मगभर पाणी ओतलं, जोरात फिरवलं आणि म्हणाले, "आता दाबा ब्रेक." चाक किती वेळ फिरत राहिलं ते मी पाहिलं. पावसात थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलकेच टेकवून रिम पुसून घ्यायची, मग दाबायचा, हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या सरीचा रस्ता सगळ्यांत वाईट, हेही त्यांनीच सांगितलं. महिनोन्‌महिने साचलेलं गाड्यांचं ऑइल आणि धूळ पाण्यात मिसळून वर येते. जोराचा पाऊस थोडा वेळ पडला, की ते बरंचसं वाहून जातं. मी मात्र पाऊस वाढायच्या आत घर गाठायचं म्हणून त्या पहिल्या दहा मिनिटांतच सगळ्यांत जोरात पायडल मारत असे.

त्यानंतरही चुका झाल्याच. भिजलेली चेन न पुसताच तिच्यावर तेल ओतलं, ते उडून मागच्या रिमला लागलं आणि उरलासुरला ब्रेकही गेला. मडगार्ड काढून टाकले होते, ते परत बसवले.

पण मला खरी टोचते ती खडकवासल्याची चूक. शाळेत जाणाऱ्या भाच्याला कॅरिअरवर बसवून मी धरणाच्या कडेने डोणज्याकडे निघालो होतो. गडगडाट ऐकू येत होता. "मामा, परत जाऊ या," तो म्हणाला. मी हसून सांगितलं, "चाकं रबराची आहेत, आपल्याला काही होत नाही." हे मी कुठे तरी ऐकलं होतं आणि कधी तपासलं नव्हतं. ढगातून खाली येणाऱ्या विजेला ते दोन बोटं रबर काय अडवणार? पाऊस कोसळू लागल्यावर मी त्याला घेऊन उघड्यावरच्या एकट्या झाडाखाली थांबलो, म्हणजे त्या परिसरातली सगळ्यांत धोक्याची जागा निवडली. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरताना शेजारच्या माणसावर उडी घेते, जमिनीतूनही पसरते. पक्क्या भिंतींच्या घरात नाही तर बंद मोटारीत जायला हवं होतं. रस्त्यालगत घरं होतीही. पण मला त्याचं दप्तर कोरडं ठेवायचं होतं.

आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो. वीज दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आलेलं असतं. तेव्हा उघड्यावर थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. हा हिशेब त्या मुलालाही जमला असता. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं, ते मी घरी आल्यावर घेतलं.

ताईला हे सगळं मी पुष्कळ दिवसांनी सांगितलं. ती फार रागावली, आणि झाडाखाली थांबण्यापेक्षा मी गप्प राहिलो याचा तिला जास्त राग आला. भाचा आता स्वतःच्या सायकलवर माझ्याबरोबर येतो. मे महिन्यात सकाळी दहाच्या आत घरी परतायचं, ही तिची अट आहे आणि ती आम्ही पाळतो.