अढळपद

आमच्या लहानपणी घरात कोणतीही वस्तू आजच्या मापाची येत नसे. शर्ट शिवायचा तो वाढत्या अंगाचा. चड्डी घ्यायची ती कमरेला दोन वर्षांची सवड ठेवून. आणि जूनमध्ये घेतलेल्या बुटांच्या टोकात कापसाचे बोळे कोंबून आम्ही दिवाळीपर्यंत फटक फटक करीत शाळेत जात असू. आई शिंप्याला बजावी, "बाह्यांच्या आत चार बोटं कापड राहू द्या हो, पोरगं वाढीला लागलंय." पुढे बाही उसवून खाली सोडली, की विटलेल्या निळ्याखाली कोऱ्या निळ्याची एक पट्टी दिसे आणि मी यंदा किती वाढलो ते साऱ्या आळीला कळे. असे संस्कार झालेला मनुष्य चव्वेचाळिसाव्या वर्षी आपल्या मुलीसाठी मोटारीतली खुर्ची विकत घ्यायला निघाला, म्हणजे काय होईल याची कल्पना वाचकांनीच करावी.

मनू आम्हांला फार उशिरा झाली. लग्नानंतर तेरा वर्षांनी. वाट पाहणे आम्ही जवळजवळ सोडून दिले होते तेव्हा. आमची मोटार तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे. त्या मोटारीत मनूची जागा पहिल्या दिवसापासून ठरलेली होती : मागच्या बाजूला, आजीच्या मांडीवर. या व्यवस्थेत काही चुकत असेल असा संशयही कुणाला आला नाही. मी मराठीचा मास्तर आहे. आपल्या भाषेत मांडीचा महिमा किती मोठा आहे ते मी वर्गात दरवर्षी सांगतो. दत्तक घ्यायचे ते मांडीवर, नात जोजवायची ती मांडीवर, आणि जेवायला बसायचे तेही मांडी घालून. शिवाय मांडीचा एक मोठा गुण असा, की तिला माप लागत नाही. दोन महिन्यांचे मूल तिच्यावर मावते आणि दोन वर्षांचेही मावते. वाढत्या मापाची याहून सोयीची वस्तू दुसरी कोणती?

गेल्या जानेवारीत साताऱ्याहून एक मुंज आटोपून आम्ही पुण्याला परत येत होतो. मनू तेव्हा आठ महिन्यांची होती. खेड-शिवापूर मागे पडले होते, वेग ताशी चाळीसच्या आसपास असेल. एक मोटारसायकल उलट्या दिशेने अचानक समोर आली. मी ब्रेक दाबला. कुणी कुणाला धडकले नाही. मोटारसायकलवाला निघूनही गेला. पण मनू आईच्या हातांतून निसटून पुढे गेली होती. आईने तिला पकडले, जिवाच्या आकांताने पकडले, आणि त्या पकडण्यात आईच्या हातातल्या सोन्याच्या पाटलीची कड मनूच्या भुवईवर बसली.

दोन टाके पडले. टाके घालताना डॉक्टरांनी एवढेच विचारले, "गाडीत कुठं बसली होती?"

"माझ्या मांडीवर," आई म्हणाली. डॉक्टर काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना मी ही हकिकत सांगितली. त्यांनी एक जुनी उत्तरपत्रिका उलटी करून तिच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. धडकेत गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली असे धरले, तर आठ किलोचे मूल हातात रोखून धरायला ११० किलोंहून अधिक वजन पेलण्याइतका जोर लागेल. "तुमच्या आई तांदळाचं अख्खं पोतं हवेत झेलतील का?" त्यांनी विचारले. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आणि या वेगानं आदळणं म्हणजे जवळपास तीन मजल्यांवरून खाली पडणं. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीच्या कठड्यावर तुम्ही मुलीला बसवाल का हो, आजीनं धरलंय म्हणून?"

त्या शनिवारी आम्ही दोघे मनूला घेऊन दुकानात गेलो.

दुकानदार माणसे ओळखण्यात तरबेज असावा. त्याने माझ्याकडे एकवार पाहिले आणि थेट सर्वांत मोठी खुर्ची पुढे केली. "साहेब, ही घ्या. जन्मापासून बारा वर्षांपर्यंत. परत बघायलाच नको."

बारा वर्षे! एक संपूर्ण तप! माझ्यातला शिंप्याकडे उभा असलेला मुलगा सुखावला. किमतीला बाराने भागून वर्षाचा खर्चही मी मनात काढून ठेवला. पण आमची पत्नी बँकेत आहे. कागद न तपासता ती सही करीत नाही. ती म्हणाली, "आधी तिला बसवून तर बघू."

बसवले. माझ्या लहानपणच्या बाहीत माझा हात दिसत नसे, तशी त्या खुर्चीत मनू दिसेना. अशा खुर्चीत मूल गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसते, आणि तसे बसताना खांद्यावरचे पट्टे खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित खालून यावे लागतात. इथे सर्वांत खालच्या भोकातून आलेले पट्टेही तिच्या कानाशी येत होते. "मागं एखादी उशी घालू," मी म्हणालो. बुटातला कापूस अजून डोक्यातून गेला नव्हता. दुकानदारानेच मान हलवली. खुर्चीबरोबर न आलेली उशी तिच्यात घालायची नसते. धडकेत ती चेपते आणि पट्टे सैल पडतात. ती खुर्ची वाईट होती असे नव्हे. दुसऱ्या एखाद्या बाळाला ती नेमकी बसली असती. ती मनूची नव्हती, इतकेच.

मग टोपलीसारखी, कडी धरून उचलायची छोटी खुर्ची पाहिली. ती १३ किलोंपर्यंतची होती. मनूचे वजन आठच किलो. पण डोके आत्ताच वरच्या काठाला टेकायला आले होते. म्हणजे वजनाने पाच किलोंची सवड आणि उंचीने जेमतेम दोन महिन्यांची! युरोपातल्या नव्या आर १२९ या नियमात खुर्चीची निवड वजनाऐवजी उंचीवर का ठेवली आहे, ते मला तिथे उभ्या उभ्या कळले. तिसरी खुर्ची अंगाला बसली, पण आमच्या जुन्या गाडीत खुर्ची अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या नाहीत, आणि गाडीचा पट्टा त्या खुर्चीला वळसा घालून पुरेना. चौथी बसली, मुलीलाही आणि गाडीलाही. १८ किलोंपर्यंत मागे तोंड करून बसवता येईल अशी. पट्टा आवळून मी ती धरून हलवली, तर बोटभरही सरकली नाही. मात्र तिच्यासाठी पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागली, की तिच्यावर बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला नमस्कार करू लागले.

मधल्या काळात आमच्या एका मावसबहिणीने तिच्या मुलाची जुनी खुर्ची देऊ केली होती. आपल्याकडे पाळणा, झबली, दुपटी घरोघर फिरतात आणि त्यात एक गोडवा आहे. पण बोलता बोलता ती म्हणाली, "गाडी एकदा ठोकली होती आमची, पण खुर्चीला ओरखडासुद्धा नाही हं." धडक सोसलेली खुर्ची वरून धड दिसली तरी आतून खचलेली असू शकते. आम्ही आभार मानून नको म्हटले. बहीण अजून थोडी फुरंगटलेली आहे.

मुलाला पाठमोरे का बसवायचे, हे मला आधी कळत नव्हते. जन्मतः मुलाचे डोके शरीराच्या लांबीच्या एक चतुर्थांश असते. एवढे जड डोके आणि खाली कोवळी मान. समोर पाहत बसले तर धडकेत धड पट्ट्याने अडते आणि डोके पुढे झेपावते. पाठमोरे असले तर सारा जोर पाठ, मान आणि डोके यांवर मिळून पसरतो. बेर्टिल आल्डमन या स्वीडिश डॉक्टरांना ही कल्पना अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली, आणि १९६४ मध्ये तिचा पहिला नमुना तपासला गेला. अवकाशात जाणाऱ्या माणसाची बैठक आणि सातारा रस्त्याने जाणाऱ्या मनूची बैठक एकाच जातीची आहे, याचा मला उगाचच अभिमान वाटला.

खुर्ची घरी आली, आणि खरा प्रसंग तिथून पुढे सुरू झाला.

आईने ती सर्व बाजूंनी पाहिली. "पाय दुमडतात की गं तिचे," एवढेच ती म्हणाली. इथे मी थांबायला हवे होते. पण पंचेचाळीस मिनिटे बोलण्याची सवय लागलेला माणूस थांबत नाही. मी आईला सांगितले, की २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात १९४-ब हे कलम आले आहे. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा अशा खुर्चीत बांधलेले नसेल तर हजार रुपये दंड आहे. त्यावर आई गप्प. मग मी तिला अमेरिकेत नेले. टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांच्या खटपटीने मुलांच्या खुर्चीचा त्या देशातला पहिला कायदा झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. पण त्यात एक पळवाट राहिली होती : मूल मोठ्या माणसाच्या हातांत असेल तर खुर्ची नको. ती पळवाट बंद करायला १९८१ साल उजाडले. "म्हणजे बघ आई," मी विजयी स्वरात म्हणालो, "मांडी चालत नाही, हे तिथल्या कायद्यालासुद्धा तीन वर्षांनी कळलं."

आईने खुर्चीवरचा हात काढून घेतला. "म्हणजे मला धरता येत नाही, असंच ना?" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

त्यानंतर दोन महिने ती आमच्याबरोबर गाडीत बसली नाही. कधी गुडघा दुखे, कधी संकष्टी असे. मनू मागे एकटी पाठमोरी बसे आणि रडे. रडणे ऐकू येई, पण तोंड दिसत नसे. सिग्नलवर थांबलो की मी वळून पाही, तेवढ्यात मागचे लोक हॉर्न वाजवीत. खुर्ची घेऊन आपण मुलीचे रक्षण केले की तिला एकटे पाडले, असे मनात येई.

गुढीपाडव्याच्या दिवशी आई गुढीला साखरेची गाठी बांधत होती. तिने हात वर केले तेव्हा मला दिसले, की दोन्ही मनगटे मोकळी आहेत. माझ्या मुंजीच्या फोटोतही ज्या पाटल्या तिच्या हातांत दिसतात, त्या नव्हत्या. मी पत्नीला विचारले.

"तुला आत्ता दिसलं?" ती म्हणाली. "टाके पडले त्याच रात्री काढल्या त्यांनी. मनूच्या नावानं कपाटात ठेवल्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. जी गोष्ट आईला त्या रात्रीच कळली होती, ती सिद्ध करायला मी कायद्याची कलमे आणि टेनेसी राज्य घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो होतो! आपले हात पुरले नाहीत, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक होते? तिला पुराव्याची गरज नव्हती. या खुर्चीनंतर आपली जागा कुठे, एवढेच तिला कुणी सांगितले नव्हते.

दुपारी मी म्हणालो, "आई, मनूला समोर कुणी दिसत नाही म्हणून ती रडते. तू शेजारी बसशील का?"

आईने लगेच उत्तर दिले नाही. पण संध्याकाळी ती येऊन बसली. स्वतःचा पट्टाही लावला. मनूने तिचे बोट धरले आणि स्वारगेट येईपर्यंत सोडले नाही.

आता दिवाळी आली. मनू सतरा महिन्यांची झाली, दहा किलोंची झाली. पाय सीटच्या पाठीवर वर टेकवून ती महाराणीसारखी बसते. पट्टे दोनदा वरच्या भोकात घेतले. शेजारीपाजारी विचारतात, "अजून पाठमोरीच? सरळ कधी बसवणार?" युरोपच्या त्या नियमात किमान पंधरा महिने पाठमोरे बसवायला सांगितले आहे, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ २०१८ पासून सांगतात, की खुर्चीची उंचीची किंवा वजनाची मर्यादा येईपर्यंत बसवा. हे उत्तर मला द्यावे लागत नाही. आईच देते. गाडी सुरू होण्यापूर्वी ती मनूच्या खांद्याशी पट्टा चिमटीत धरून पाहते. पट्ट्याची घडी चिमटीत आली, तर मला खाली उतरायला लावते. "सैल आहे. आवळ." जाड स्वेटर घालून मनूला बसवू देत नाही. आमच्या घरात या विषयाचे सर्वांत कडक निरीक्षक आता तीच आहे.

गेल्या रविवारी ती मनूला ध्रुवाची गोष्ट सांगत होती. सुरुचीने ध्रुवबाळाला उत्तानपाद राजाच्या मांडीवरून उठवले, तो रानात गेला, देव प्रसन्न झाला. "आणि मग देवानं त्याला जागा दिली," आई म्हणाली, "कुणी म्हणजे कुणी उठवू शकणार नाही अशी." मनूला त्यातले किती कळले कोण जाणे. ती टाळ्या वाजवीत होती. आरशात मला फक्त आईचा चेहरा दिसत होता.

परवा आईने मनूसाठी दिवाळीचा फ्रॉक आणला. गुडघ्यांच्या खाली चार बोटे लोळणारा.

"अगं, केवढा मोठा!" मी म्हणालो.

"असू दे," आई म्हणाली. "फ्रॉक आहे तो, खुर्ची नव्हे. पोरगी वाढीला लागलीय."